ते आता नाहीत

४ फेब्रुवारी

तुमचं पत्र मिळालं. त्यात माझ्यासाठी एक ओळसुद्धा नाही हे पाहून जिवाला बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

चाक, चाळण्या, झिलईचे डबे आणि मागच्या शेडमधली सगळी भांडी गवतात गुंडाळून पाठव, असं लिहिलंत. चाक मी भंगारवाल्याला दिलं. तो न्यायलाही तयार नव्हता, उलट मलाच हमाली मागत होता. चाळण्या स्वयंपाकघरात वापरते. झिलईच्या डब्यांवर कवटीचं चित्र आहे, ते कुठे टाकावेत कळेना, म्हणून तसेच आहेत. राहिली भांडी. ती पाठवणार नाही. लग्न झाल्यापासून या घराचं भाडं माझ्या शिलाई मशीननं भरलं आणि तुम्ही माती मळत बसलात, तेव्हा ती भांडी माझी. कोर्टात जायचं असेल तर खुशाल जा. वकिलाला फीऐवजी वाडगे द्या.

तुमची शिष्या कशी आहे? माती मळायला अजून तेवढीच हौशी आहे ना?

शेड मला भाड्यानं द्यायची आहे, म्हणून भांडी विकायला काढली. दारासमोर टेबल मांडलं, पुठ्ठ्यावर ‘कोणतंही उचला’ असं लिहिलं आणि किंमत ठेवली एका कप चहाएवढी. आठवडाभर बसले. एका बाईंनी विचारलं, पाणी झिरपतं का. दुसरीनं विचारलं, झाकण कुठंय. समोरच्या इस्त्रीवाल्यानं एक वाडगा कुत्र्यासाठी नेला, तोही मी फुकट दिला म्हणून. दोन दिवसांनी परत आणून दिला. कुत्रा पीत नाही म्हणाला.

आई शेजारी खुर्ची टाकून बसतात. त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, माणसं कळत नाहीत. पावलं वाजली की सांगतात, माझ्या मुलाच्या हातची आहेत हो. पावलं थांबत नाहीत.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. शेवटी ‘आईला नमस्कार, औषध वेळेवर घे’ एवढं पदरचं घातलं. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पुढच्या खेपेला तेवढं तरी स्वतः लिहा.

कागदोपत्री अजून तुमचीच.

२२ मार्च

तुम्ही लिहिलंत की माझ्या कामाची कदर तुला कधीच नव्हती. अगदी खरं. पण गंमत ऐका. कदर कशी होते ते मला आता कळलंय, आणि त्यात तुमच्या कामाचा काही संबंध नाही.

झालं असं, की एक गृहस्थ टेबलापाशी आले. वाडगा काठाला दोन बोटांत धरून भाव करायला लागले. चहाच्या किमतीचा वाडगा, तर यांना अर्ध्या चहात हवा. एरवी मी दिला असता. पण त्या दिवशी सकाळीच तुमचं पत्र आलं होतं आणि डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, पुठ्ठ्यावरची किंमत त्या कोपऱ्यातल्यांची आहे, याची नाही. मग याची किती, म्हणाले. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. तेवढ्यात एक लाकडी कपाट आलं असतं.

वाटलं, हसतील आणि जातील. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि वाडगा दोन्ही हातांत घेतला. उलटा करून पाहिला. बुडाशी तुमच्या अंगठ्याचा ठसा असतो ना, त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. मग टेबलावर असा ठेवला जसं झोपलेलं मूल ठेवतात. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले आणि घेऊन गेले. एका पैशाचा भाव केला नाही. वर मलाच थँक्यू म्हणाले.

टेबल मी त्याच दिवशी आत घेतलं. पुढच्या खोलीला पांढरा रंग काढला, मशीन आतल्या खोलीत नेलं आणि फक्त पाच भांडी मांडली. मधे हातभर जागा सोडून. बाकीची शेडला कुलूप लावून ठेवली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. शेडात पीक दिसत होतं, कोण विकत घेणार?

नंतर एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सुरेख बाई, पण डोळ्यांखाली काळं. त्यांना ती राखाडी सुरई आवडली. बराच वेळ तिच्यासमोर उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं, हे घडवणारे कुठे असतात?

मी म्हटलं, “ते आता नाहीत.”

शपथेवर सांगते, मला एवढंच म्हणायचं होतं की तुम्ही इथे नाही. घरात नाही, गावात नाही, पत्ता देऊन उपयोग नाही. पण डॉक्टरीणबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी सुरईकडे पुन्हा पाहिलं, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, सुरई त्यांच्यासाठी बदलली. तीच माती, तीच झिलई, पोटावर तोच वाकडेपणा, ज्याला तुम्ही मागे ‘भट्टीचा दोष’ म्हणाला होतात. त्यांनी त्या वाकडेपणावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. किंमत न विचारता पाकीट उघडलं. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, तुम्ही फार धीराच्या आहात.

मी खोटं एक अक्षर बोललेले नाही. ते आता नाहीत. आहात का तुम्ही?

३० मे

तुमचं रागाचं पत्र पोचलं. तुमच्या शिष्येनं कुठल्याशा मासिकात फोटो पाहिला, खाली ‘दिवंगत’ असं छापलं होतं, आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मेल्या माणसाला भूक नसतेच म्हणा.

ते मी छापलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींपैकी एकीचे यजमान कलादालन चालवतात. ते आले. आपण त्यांना दालनवालेच म्हणू. सडपातळ, हळू बोलणारे, खोलीत शिरताना बूट पुसणारे. त्यांनी पाचही भांडी पाहिली, मग विचारलं, एकूण किती आहेत. मी त्यांना शेड दाखवली. त्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं, भांडी आवडली नाहीत. तर म्हणाले, “वहिनी, फार आहेत. एवढी असली तर ती मडकी होतात.”

त्यांनी मला बसून समजावलं. माणूस वस्तूचे पैसे देत नाही, म्हणाले. वस्तू दुसऱ्याला मिळणार नाही, याचे देतो. आणि करणारा गेला असेल तर उत्तमच, कारण मग जेवढी आहेत तेवढीच. जिवंत माणसाचा काय भरवसा, उद्या आणखी शंभर करून ठेवेल.

मग मला एक हातोडी आणून दिली.

तुम्हाला वाचवणार नाही, पण लिहिते. मागच्या अंगणात आम्ही गोणपाट अंथरलं. कुठली ठेवायची ते दालनवाले निवडत होते, बाकीची मी फोडत होते. सुरुवात मी मोठ्या रांजणापासून केली. दालनवाले ओरडले, अहो तो सर्वात चांगला आहे. मी म्हटलं, माहीत आहे. हा रांजण भट्टीत होता त्या दिवशी मी दवाखान्यात होते. पोटातलं पोर गेलं होतं. तुम्ही निरोप धाडलात, भट्टी पेटलेली आहे, सोडून येता येत नाही. संध्याकाळी आलात तेव्हा अंगाला धुराचा वास होता आणि रांजण किती छान उतरलाय ते तुम्ही मला खाटेपाशी बसून सांगत होतात.

जाड होता. तीन घाव लागले.

पुढची भांडी हलकी होती. खरं सांगू, इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्रत्येक फुटणाऱ्या भांड्यागणिक उरलेली महाग होत होती, हे दालनवाले बाजूला उभं राहून हलक्या आवाजात सांगत होते. आईंनी आतून विचारलं, काय फुटतंय गं. मी म्हटलं, भांडी घासतेय, हातातून निसटलं.

आता शेडात मोजकीच उरली आहेत. त्यातली पहिली दालनात लागली त्याच दिवशी गेली. जेवढ्याला गेली तेवढे पैसे तुम्ही उभ्या आयुष्यात कमावले नाहीत. लोक म्हणतात, काय हात होता, काय साधेपणा, मातीचं मौन. मातीचं मौन म्हणे. तुम्ही जेवताना मचमच करायचात ते त्यांना कोण सांगणार. मेल्या म्हशीला मणभर दूध.

आईंची काळजी करू नका. त्या आतल्या खोलीत असतात, त्यांना यातलं काही माहीत नाही.

११ ऑगस्ट

परवा तुम्ही दालनात आलात तेव्हा मी तिथेच होते, आतल्या ऑफिसात. दाराला काच आहे, पण पडदा होता. दालनवाल्यांनी मला बाहेर न यायची विनंती केली होती. तरी सांगते, दाढी वाढवून तुम्ही चांगले दिसत नाही.

तुम्ही बोलत होतात ते सगळं ऐकलं. शिष्या गेली, हेही ऐकलं. तिला कुठल्या शाळेत नोकरी लागली आणि तिला रोजचा आंघोळीचा साबण परवडायला लागला, मग मातीचा कंटाळा आला. वाईट वाटलं नाही.

तुम्ही नवी भांडी दोन दुकानांत घेऊन गेलात. दोघांनीही सांगितलं की नक्कल चांगली आहे, पण दिवंगतांची सर नाही. एकानं तर बुडाचा अंगठा बघून पोलिसांत द्यायची धमकी दिली. तेव्हा तुम्ही म्हणालात, मीच तो. आणि तो हसला.  पडद्याआड मला मशीनवर बसलेली मी आठवले. मीही इतकी वर्षं ‘हे घर चालवणारी मीच ती’ म्हणत होते.

दालनवाल्यांनी तुम्हाला चहा दिला. ते रागावले नाहीत, माणूस फार सुसंस्कृत आहे. त्यांनी तुम्हाला दोन वाटा दाखवल्या. पहिली, उद्या पेपरात फोटो द्या आणि जाहीर करा की मी जिवंत आहे. लोक आठवडाभर कौतुकानं येतील. मग घेतलेली भांडी परत आणतील, पैसे मागतील, आणि तुम्ही पुन्हा चहाच्या किमतीचे कुंभार. तेही वयानं उतरलेले. दुसरी, गावाबाहेरच्या त्यांच्या गोदामात खोली आहे, भट्टी ते बांधून देतील. तुम्ही घडवायचं, अंगठा उठवायचा आणि आम्ही म्हणायचं, शेडात मागे राहिलेलं सापडलं. दर भांड्यामागे ठरावीक पैसे. मात्र कुणाला तोंड दाखवायचं नाही, घरी यायचं नाही.

तुम्ही विचार करायला वेळ मागितलात. मला वाटलं, आता हा माणूस टेबलावरची भांडी उचलून आपटेल. मनापासून सांगते, मी वाट पाहत होते. आपटली असतीत तर मी पडदा सारून बाहेर आले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला, भट्टी जरा उंच बांधा म्हणून.

जाताना तुम्ही त्यांना विचारलंत, माझ्या आईला काय सांगितलंय. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगते. मागच्या पत्रात लिहिलं ते तितकंसं खरं नव्हतं.

मे महिन्यातच एक वयस्क बाई भांडं घ्यायला आल्या होत्या. मी आत सुटे पैसे आणायला गेले तेवढ्यात त्या आईंच्या खोलीत डोकावल्या. त्यांचे हात हातांत घेऊन म्हणाल्या, तुमच्यावर केवढा आघात झाला, या वयात मुलगा जाणं फार वाईट. मी परत आले तेव्हा आई त्या बाईंना म्हणत होत्या, हो ना. पाहुणीसमोर त्यांनी काही दाखवलं नाही. बाई गेल्यावर मला हाक मारली.

“खरंय का गं?”

एवढंच विचारलं. मी ‘नाही’ म्हणू शकत होते. दोन अक्षरं. पण आई बोलक्या आहेत. दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं असतं, माझा मुलगा जिवंत आहे हो. मी काहीच बोलले नाही. गप्प राहणं म्हणजे होच असतं, ते त्यांना कळलं.

तेव्हापासून त्या फारसं जेवत नाहीत. तुमचा जुना सदरा उशीखाली ठेवतात. दुकानात कुणी आलं की ऐकत असतात, लोक तुमच्याबद्दल काय काय बोलतात ते. मग मला विचारतात, इतका मोठा होता तर आपल्याला कसं नाही गं कळलं.

२६ ऑक्टोबर

गेल्या भट्टीतली भांडी मिळाली. दालनवाल्यांची तक्रार आहे.

भांडी फार चांगली झाली आहेत. थट्टा करत नाही. पेटी उघडल्यावर त्यांनी एकेक भांडं खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं. मलासुद्धा, जिला माती कळत नाही, तिला त्या पातळ वाडग्यात हात घालावासा वाटला. ऊन धरून ठेवल्यासारखा वाडगा. तुम्ही एकटे बसून, कुणी बघत नसताना, नावाचा मोह सुटल्यावर असं काही करायला लागलात, हे मला तुमच्या तोंडावर कबूल करावं लागलं नाही हे बरं झालं.

पण ती चालणार नाहीत. दालनवाले म्हणाले, “त्यांना सांगा, मेलेला माणूस सुधारत नाही.” लोक जुन्यांशेजारी ही ठेवतील आणि विचारतील, ही केव्हाची? तेव्हा पूर्वीसारखीच करा. जाड काठाची. एखादं पोटाला वाकडंही चालेल, वाकड्याला मागणी आहे. ही पेटी मी अंगणात नेली. हातोडी घरातच होती.

तो पातळ वाडगा मात्र फोडला नाही. कुठे आहे ते विचारू नका.

पेटीतल्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतंत, यातली भांडी मोडलीस तरी पैसे कापू नकोस. कापले नाहीत. सोबत पाठवले आहेत.

आता दुसरी गोष्ट. आईंना उठवत नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाचा प्रश्न उरलेला नाही. तुम्ही तीन पत्रांत भेटीचं विचारलंत, तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. या रविवारी दुकान बंद आहे. या. दालनवाल्यांना मी सांगितलंय की पेट्या बांधायला माणूस येणार आहे. तुम्ही तोच.

आईंशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही. तुम्ही त्यांना खरं सांगितलंत तर सोमवारपासून दुकान बंद करायची माझी तयारी आहे, मशीनला तेल घालून ठेवलंय. हे मी तुम्हाला लेखी देते आहे. नंतर म्हणू नका की तिनं बोलू दिलं नाही.

१४ नोव्हेंबर

आजपासून तुला ‘तू’ म्हणणार आहे. अहो-जाहो ज्यांच्यासाठी करत होते त्या ऐकायला राहिल्या नाहीत.

आधी रविवारचं. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण सोयीचं तेवढं लक्षात ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. तू खोलीत गेलास. मी दारात उभी राहिले. आईंनी मान वळवली आणि विचारलं, कोण आलंय. तू उभाच. मी मोठ्यानं काही बोलले नाही, खाणाखुणा केल्या नाहीत, खोकलेसुद्धा नाही. तुझ्याकडे बघत होते फक्त. 

मग तू म्हणालास, “मी तुमच्या मुलाकडे शिकलो. त्यांच्याच हाताखाली.”

आईंनी हात पुढे केला. तू तो धरलास. त्या तुझ्या बोटांवरून हळूहळू हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, माझा मुलगा कसा शिकवायचा? तू म्हणालास, चांगलं शिकवायचे. रागावायचा का? नाही, कधीच नाही. आईची आठवण काढायचा का? तू म्हणालास, रोज.

हे सगळं तू तिसऱ्या माणसाविषयी बोलत होतास. आवाजही बदलला होतास, थोडा खालचा लावला होतास. चांगलं जमतं तुला. मग पेट्या बांधल्यास. खरोखरच बांधल्यास, मला वाटलं नुसतं नाटक असेल. सुतळीच्या गाठीसुद्धा नीट मारल्यास. आणि जाताना माझ्याकडे न बघता विचारलंस, पुढच्या भट्टीचं माप काय ठेवायचं.

आता तुला माहीत नाही ते. तू गेल्यावर आईंनी जेवायला मागितलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. मी तोंड पुसत होते तर म्हणाल्या, तो होता ना?

मी विचारलं, कशावरून.

“दारात चप्पल काढताना भिंतीला हात टेकतो. लहानपणापासून. भिंतीवर हाताचे डाग पडायचे म्हणून मारही खाल्लाय त्यानं.”

म्हणजे तू खोलीत शिरायच्या आधीच त्यांना कळलं होतं. मग त्यांनी ते सगळे प्रश्न विचारले. मी म्हटलं, मग ओळख का नाही दाखवलीत? त्या म्हणाल्या, मी दाखवली असती तर त्याला हो म्हणावं लागलं असतं. त्याचं त्यानं म्हणायला हवं होतं. म्हणून दारं उघडून देत होते एकेक. तो प्रत्येक दारावरून पुढे गेला.

 मी त्यांचं पांघरूण नीट केलं. त्यांना वाटलं, मी निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, एका भांड्यामागे त्याला किती मिळतात. मी आकडा सांगितला.  बाजारात भाजी पारखावी तसा त्यांनी तो मनात पारखला.

“बरे आहेत,” म्हणाल्या. “मला वाटलं, याहून स्वस्तात गेले असेन मी.”

त्यानंतर त्या तुझ्याबद्दल बोलल्या नाहीत. माझ्याबद्दलही नाही. मी त्यांच्याशी जे केलं ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, पण मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा पायाशी जाऊन बसले, बोलतील म्हणून. त्यांनी पाय जवळ घेतले, एवढंच. शेवटी पाणीसुद्धा समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोच्या हातून घेतलं. आधी मी भांडं पुढे केलं होतं. तोच पातळ वाडगा होता. त्यांनी काठाला ओठ लावला, विचारलं, हे कुणाचं, आणि मी तुझं म्हणाले तर तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी गेल्या. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आला नसतास, आणि ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

दालनवाल्यांनी दालनाच्या दारावर पाटी लावली, ‘कलावंताच्या मातोश्रींच्या निधनामुळे आज बंद’. त्यांनी मनापासून लावली, त्यात त्यांचा हेतू नव्हता. पण दुपारपासून फोन वाजायला लागला तो अजून थांबलेला नाही. ज्यांनी एक भांडं घेतलंय त्यांना जोडी हवी आहे. ज्यांनी घेतलं नव्हतं ते म्हणतात, आता घराणंच संपलं, आता नाही घेतलं तर कधी. दालनवाल्यांनी किंमत वाढवली नाही. लोकांनीच सांगितली.

आईंना निरोप द्यायला बरीच माणसं आली. सगळी तुझी गिऱ्हाइकं. डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, खांद्यावर हात ठेवून. त्यांनी हळूच विचारलं, यांच्यामागे आता यांचं कुणी उरलंय का.

मी म्हटलं, कुणी नाही.

शुक्रवारपर्यंत बारा वाडगे लागतील. काठ जाड ठेव.